तबकडी मी उतरवली

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली घरफोडी कुठल्या साली झाली आणि कुठला आरोपी कुठल्या गावचा, हे माझ्यापेक्षा बायकोला जास्त आठवतं. ही एक घटना मात्र शब्दासकट लक्षात राहिली आहे. ती विसरावी म्हणून मी बरेच उद्योग केले, पण जमलं नाही. म्हणून लिहून टाकतो. रिवाजाप्रमाणे यात कोणाचं नाव घेतलेलं नाही.

तेव्हा मी पोलीस उपनिरीक्षक होतो. खराडी आमच्या ठाण्याच्या हद्दीत होती आणि नुकती कुठे बदलायला लागली होती. ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती उठत होत्या, आणि म्हशी नदीवर जायच्या त्या वाटेने कंपन्यांच्या बसगाड्या धावत होत्या. ठाण्यात मात्र तोच कागद आणि तोच कार्बन. त्या कागदावर माझा हात चांगला चाले. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला, वडील शाळेत मराठी शिकवायचे, ऱ्हस्वदीर्घाची चूक घरात खपत नसे. एक सरकारी वकील मला नेहमी म्हणायचे, "तुमचा साक्षीदार कोर्टात अडखळतो, पण तुमच्या कागदावर कधी अडखळत नाही." मला ती स्तुती वाटायची.

थंडीचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास वरिष्ठ निरीक्षकांनी मला आत बोलावलं. जवळच्या हवाई दलाच्या तळावरून फोन आला होता. एका वर्तमानपत्राने तळावर चौकशी केली होती की, आज सकाळी खराडीच्या आकाशात उडती तबकडी दिसली, ती तुमची का? तळावर कोणालाच काही दिसलं नव्हतं, त्यामुळे तिथे जास्तच धावपळ उडाली होती.

"परग्रहावरची असली तर आपल्या हद्दीत येत नाही," साहेब म्हणाले, "पण माणसाची असली तर येते. जबाब घ्या. हवाई दलाला आजच पाठवायचेत."

वर्तमानपत्राला फोन करणारा एका कंपनीतला तरुण इंजिनीअर निघाला. त्याने ती वस्तू बसच्या खिडकीतून अर्धा मिनिट पाहिली होती. दोन चहा होईपर्यंत त्याच्या तबकडीला खिडक्या आणि दिवेही फुटले. त्याचा काही उपयोग नव्हता. पण त्याने एक कामाची गोष्ट सांगितली: कंपनीच्या फाटकावरच्या लेडी गार्डने सगळं सुरुवातीपासून पाहिलं होतं.

ही बाई तिशीची, यवतमाळकडची. निळा गणवेश, कडक इस्त्री. कंपनीत कामाला येणाऱ्या मुलींच्या पर्सेस तपासायचं तिचं काम. नवऱ्याचा हात कारखान्यातल्या मशीनमध्ये गेल्यापासून तो घरीच होता. दोन मुली शाळेत. घर चालत होतं ते या गणवेशावर. हे सगळं तिने मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, कारण पोलीस ठाण्यात बोलावलं म्हणजे नोकरीला धोका, एवढं तिला कळत होतं.

"साहेब, माह्या नोकरीले तं काही होनार नाही ना जी?"

"खरं सांगितलं की काही होत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी तोवर शेकडो लोकांना ऐकवलं होतं.

तिने नीट सांगितलं. माणसं सहसा स्वतःच्या घाबरण्यापासून सुरुवात करतात. तिने वेळेपासून केली. साडेसहाची बस यायची होती. उजेड झाला होता, सूर्य वर आला नव्हता. नदीपलीकडून, मांजरी गावाच्या अंगाने काहीतरी आलं.

"परातीएवढं दिसे. चकचकीत. खालून जरासं काळं. आवाज नाही काही."

"वेगात होतं?"

"नाही जी. हळूहळू चाललं होतं. वारा जाईन तसं तसं."

"मग कुठे गेलं?"

"थिकडं. विमानाइच्या कंपाउंडाकडं. झाडाइच्या मांगं गेलं, मंग नाही दिसलं."

"झाडामागे गेलं म्हणजे काय? तिथे तर तळाची हद्द आहे. उतरलं ना तिथे?"

ती जराशी थांबली. "उतरलं असन जी."

विदर्भातल्या माणसाचं 'असन' म्हणजे आपलं 'असेल'. हे मला माहीत होतं. माझ्या हाताखालचे दोन शिपाई तिकडचेच होते. तरीही मी लिहिलं: 'सदर चकाकणारी गोलाकार वस्तू हवाई दलाच्या हद्दीत झाडांच्या मागील बाजूस उतरली.' वाऱ्याचं वाक्य गाळलं. साक्षीदाराने हवामान सांगत बसू नये, असं माझं मत. जबाब भरभर वाचून दाखवला. 'वाचून दाखविला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे', खाली तिची सही. तिला 'उतरली' खटकलं असावं. तिने एकदा मान वर केली होती. पण मी पेन पुढे धरलेलं होतं, आणि गणवेशातला माणूस वाचून दाखवतो तेव्हा तो बरोबरच असणार असं साधी माणसं धरून चालतात. याचा फायदा आम्ही रोज घ्यायचो, फक्त त्याला फायदा म्हणत नव्हतो.

'दिसली' आणि 'उतरली' या दोन शब्दांत किती अंतर आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दिसलेली वस्तू हे वर्तमानपत्राचं काम. तळाच्या कुंपणाच्या आत उतरलेली वस्तू म्हणजे सुरक्षेचा भंग. जवानांनी कुंपणालगतचं सगळं गवत पिंजून काढलं. त्या बाजूला पहाऱ्यावर असलेल्या दोन जवानांची चौकशी लागली: डोळ्यांसमोर काहीतरी उतरलं आणि तुम्ही काय करत होता? ते दोघे शपथेवर सांगत होते की काही उतरलं नाही. मग हवाई दलाचे एक अधिकारी स्वतः आमच्या ठाण्यात आले. दक्षिणेकडचे गृहस्थ, शांत, हिंदीत बोलणारे. त्यांच्या हातात माझ्या जबाबाचं इंग्रजी भाषांतर होतं. तेही मीच केलेलं.

वरिष्ठांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो: हे अधिकारी, मी आणि ती बाई. साहेब बंदोबस्ताला गेले होते. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, वस्तू उतरताना तुम्ही नक्की पाहिली का? विदर्भातल्या माणसाला हिंदी येते. तिने सरळ त्यांच्याकडे पाहून सांगितलं, "उतरा होगा, ऐसा बोली थी साहेब. उतरा, ऐसा नहीं बोली."

त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं, तिने तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?

एका वाक्याचं काम होतं. 'शब्द माझा आहे, तिचा नाही.' त्या वाक्याने माझं फार तर काय झालं असतं? बढतीची यादी निघायची होती, त्यात माझं नाव होतं. हवाई दलाकडून वर एखादं पत्र गेलं असतं, ठपका आला असता, यादीत दोन पायऱ्या खाली गेलो असतो. पण हे सगळं मी नंतर बसून जमवलेलं आहे. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की, माझा कागद चुकीचा आहे हे एका फाटकावरच्या बाईने परक्या अधिकाऱ्यासमोर सांगावं?

"इसने यही कहा था," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. "साहेब, तुमीच इचारलं होतं, उतरलं ना म्हनून."

"बाई, सही तुमचीच आहे ना?"

मी ते खास पेठेतल्या कोरड्या आवाजात म्हणालो. घरी आम्हाला तो आवाज आपोआप येतो.

आता प्रकरणाला फाटा फुटला. साक्षीदार जबाब फिरवते, का फिरवते? तिला कोणी सांगून उभं केलं का? तळाजवळ काम करणारी बाई, पहाऱ्यावरच्या जवानांकडे बोट दाखवते, यामागे कोण? अधिकाऱ्यांनी हे प्रश्न विचारायचेच होते, तो त्यांचा व्यवसाय. ते मी सोडवायला घेतले, हे माझं कर्तृत्व. तीन दिवस तिला ठाण्यात बोलावलं. ती ड्यूटीवरून तशीच गणवेशात यायची आणि बाकावर बसायची. माहेर कुठलं, गावाकडे फोन कोणाला करता, नवरा दिवसभर घरी काय करतो, खोलीवर कोण येतं जातं. तिने एकही उत्तर टाळलं नाही. मी आवाज चढवला तरी तेच सांगितलं, वारा जाईन तसं गेलं. उत्तरं इतकी सरळ होती की मला तिचा राग येऊ लागला.

तिसऱ्या दिवशी तिच्या कंत्राटदाराचा माणूस चारित्र्य पडताळणीचा कागद घेऊन आला. त्यांच्या गार्डला पोलिसांनी का बोलावलं, ते त्यांना लेखी हवं होतं. मी लिहिलं, 'चौकशी प्रलंबित'. खोटं काहीच नव्हतं त्यात. त्याच संध्याकाळी तिचा गणवेश काढून घेतला, असं मला नंतर कळलं.

प्रकरण उलगडलं ते आमच्या ठाण्यातल्या एका जुन्या हवालदारांमुळे. ते वाघोलीकडचे, निवृत्तीला आलेले. समन्स बजावायला खडीच्या खाणीकडे गेले असताना त्यांना एका मजुराच्या झोपडीवर चंदेरी कापड पसरलेलं दिसलं. कापडाला तुटलेला दोर होता आणि कोपऱ्यात एका बांधकाम व्यावसायिकाचं चिन्ह. मांजरीत उसाची रानं मोडून जी नवी घरं होत होती, तिथे जाहिरातीसाठी गॅसचा मोठा फुगा सोडलेला होता. पहाटे दोर तुटला. फुग्याची परवानगी काढलेली नव्हती, म्हणून तिथल्या माणसाने तोंड उघडलं नव्हतं. फुगा अर्धा रिकामा होऊन चपटा झाला, नदी ओलांडून खराडीवरून गेला, तळाच्या झाडांपलीकडून पुढे सरकत खाणीत पडला. तळाच्या हद्दीत कुठेही उतरला नव्हता. पंचनामा झाला, कापड मुद्देमालात जमा झालं. बाईने सांगितलेली वेळ, दिशा, आकार, सगळं तंतोतंत जुळलं.

पंचनामा करून परतताना जीपमध्ये हवालदार म्हणाले, "साहेब, ती बाई पहिल्याच दिशी वारा म्हणली हुती. मी दारात हुतो."

"तुम्हाला कोणी विचारलंय?" मी म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत बसले.

हवाई दलाने प्रकरण मिटवलं. दोन्ही जवान सुटले, त्याचा मला आनंद झाला, आणि तो आनंद मी चांगुलपणाचा समजलो. अहवालाची प्रत आमच्याकडे आली. त्यात एक ओळ होती, 'वस्तू उतरल्याचे विधान साक्षीदाराने अतिरंजित स्वरूपात केले.' मी ती वाचली, पोच दिली आणि प्रत फायलीला लावली. यादी निघाली. मला बढती मिळाली, घरी पेढे आले.

तिच्या नोकरीची चौकशी करायला मला पाच-सहा महिने लागले. कंत्राटदाराला मी सांगितलं की त्या बाईविरुद्ध काहीच नाही, हवं तर लिहून देतो. तो अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही म्हणताय ते ओके आहे. पण एकदा पोलीस मॅटर झालं ना, की क्लायंट घेत नाही. आणि ती जागा तर भरली." त्याच्याकडून पत्ता घेतला. चंदननगरमध्ये मागच्या गल्लीत खोली होती. दुपारी साध्या कपड्यांत गेलो. ती नळावर बादली भरत होती. चार घरची धुणीभांडी धरली होती. थोरल्या मुलीची शाळा सुटली होती, ती आता आईबरोबर कामाला जात होती. हे मला शेजारणीने सांगितलं. बाईने स्वतः कशाचीच तक्रार केली नाही. बसा म्हणालीही नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. चूक माझी झाली. तुम्ही बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं लिहिलं. हे बोलायची मी ठाण्यापासून तयारी करत आलो होतो, आणि बोलून झाल्यावर मला हलकंही वाटायला लागलं होतं.

तिने नळ बंद केला.

"हे तुमी त्या विमानवाल्या साहेबाले सांगतलं का?"

"नाही."

"मंग मले काहून सांगता जी? मले तं माहीत हाये."

ती बादली उचलून आत गेली. मी गल्लीत थोडा वेळ थांबलो. मग परत आलो. त्या साहेबांना पत्र लिहायचं ठरवूनच आलो होतो, पण त्या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यात, असं करता करता त्यांची बदली झाली आणि मला कारण मिळालं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? जबाब ज्याचा त्याच्या बोलीत लिहावा. 'असेल'ला 'आहे' करू नये. आपण सुचवलेला शब्द समोरच्याच्या तोंडी घालून त्याची सही घेऊ नये. हे मी पुढे कसोशीने पाळलं. नोकरीच्या शेवटी शेवटी मला नव्या उपनिरीक्षकांपुढे व्याख्यानाला बोलवत, तेव्हा मी हे प्रकरण हमखास सांगायचो. मुलं अगदी मन लावून ऐकायची. तबकडीला हसायची, बाईची नोकरी गेली की गप्प व्हायची. सांगताना मी म्हणायचो, "पुण्यातल्या एका अधिकाऱ्याने असं केलं." एकदा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, मग त्या अधिकाऱ्याने नंतर कबूल केलं का?" मी म्हणालो, "त्याची मला माहिती नाही." आणि पुढचा विषय घेतला.

तो अधिकारी मी होतो. बाईने जबाब बरोबर दिला होता.