आत्याचं उन्हाळी वेळापत्रक

माझी आत्या शाळेच्या कचेरीत लेखनिक आहे, पण तिचं खरं काम म्हणजे वेळापत्रक. गेली सव्वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक तीच बनवते, आणि तेही पेन्सिलीनं. कोणी शिक्षक रजेवर गेले, कोणाचा पोर्शन मागे पडला, की आत्या खोडरबर उचलते, कागदावर फुंकर मारते आणि दोन मिनिटांत तास इकडचा तिकडे. या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असते.

इकडचा म्हणजे बहुतेक वेळा चित्रकलेचा, आणि तिकडे म्हणजे गणिताकडे. चित्रकलेच्या सरांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की ते सरळ वर्गावर जातच नसत. रंगीत खडूंचा डबा काखेत मारून आधी कचेरीच्या खिडकीशी येत आणि विचारत, "आज माझा तास कोणाला?" आत्या नाव सांगे. सर मान डोलावून स्टाफरूममध्ये परत जात.

यंदा परीक्षा आटोपल्यावर सर एक फॉर्म घेऊन आले. वर्षभरात प्रत्यक्ष किती तास झाले, तो आकडा भरायचा होता. आत्यानं बदली तासांची वही उघडून मोजलं. अडुसष्टपैकी एकोणीस. सरांनी आकडा लिहिला आणि म्हणाले, "वा, गेल्या वर्षीपेक्षा दोन जास्त." टोमणा असता तर आत्यानं सव्याज परत केला असता. पण ते खरंच खूश झाले होते, आणि तेच तिला लागलं.

त्या संध्याकाळी तिनं घरात जाहीर केलं, "मी आजवर धड एक चित्र काढलेलं नाही. जाड पुस्तक वाचलेलं नाही. सिनेमा लागला की मला झोप लागते. या सुट्टीत तिन्ही शिकायचं."

"कोणाकडे?" बाबांनी विचारलं. बाबा तिचे धाकटे भाऊ.

"माझ्याकडेच."

दुसऱ्या दिवशी जेवणघराच्या भिंतीवर तक्ता लागला. आठ आठवडे, रोज तीन तास, प्रत्येक तास चाळीस मिनिटांचा. चित्रकला, वाचन, सिनेमा. शेजारी हजेरीपट. शेवटच्या दिवशी परीक्षा: ओळखीच्या कोणालातरी समोर बसवून त्याचं चित्र काढायचं आणि ते कोणाचं हे आईनं न सांगता ओळखायचं. "ते जमलं तरच ते चित्र घेऊन सरांपुढे जाईन," आत्या म्हणाली. "नाहीतर कोणत्या तोंडानं जाऊ?" हे मात्र ती हसून म्हणाली नाही.

पहिला घोळ सिनेमाच्या तासाला झाला. माझ्या लॅपटॉपवर दीपगृहात राहणाऱ्या दोन अबोल भावांची गोष्ट लावली होती. थोरला वादळात होडी घेऊन निघाला, आणि गजर वाजला. आत्यानं सिनेमा थांबवला. "तास संपला."

"अगं ताई, तो बुडतोय!" बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

"उद्या बुडेल. तू तर हजेरीपटावरही नाहीस."

बाबांनी तिथल्या तिथे नाव घातलं. हजेरी क्रमांक दोन. दुसऱ्या दिवशी ते चहाचा कप घेऊन चार मिनिटं उशिरा आले, तर आत्यानं त्यांना दारात उभं केलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं, ह्यांना अशी शिस्त आधीच लावली असतीत तर माझं कितीतरी काम वाचलं असतं."

वाचनासाठी तिनं वाचनालयातून चारशे पानांची कादंबरी आणली होती. एका कुटुंबाची तीन पिढ्यांची कथा. आत्या वाचायला बसली की ओठ हलत, आणि न आवडणाऱ्या पात्रावर ती मोठ्यानं डाफरत असे. एकदा थोरल्या सुनेला उद्देशून "बोल ना बाई, तोंडाला कुलूप का लावलंयस?" असं इतक्या जोरात म्हणाली की आईनं चमकून मागे पाहिलं. घर नुसतं गजबजून गेलं होतं, आणि मला ते फार आवडत होतं.

पाचव्या आठवड्यात मी सहज तक्त्यासमोर उभी राहिले. चित्रकलेचे बरेच चौकोन खोडलेले दिसले. त्यांत आत्याच्याच अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं: वाचन, पोर्शन मागे. सिनेमा, पोर्शन मागे. वाचन, पोर्शन मागे.

"आत्या, चित्रकलेचे तास किती झाले गं?"

"होताहेत की."

"मोज."

ती चष्मा लावून आली. बोट ठेवत ठेवत मोजलं. मग पुन्हा मोजलं. चोविसांपैकी पाच. ती खुर्चीवर बसली.

"मला वाटायचं, शाळेत मोठ्या बाई सांगतात म्हणून मी चित्रकला कापते," ती म्हणाली. "इथे कोण सांगत होतं? माझीच सवय गं ही." तिचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही येत होतं. स्वतःच्याच शाळेत स्वतःचाच तास पळवणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आत्यानं सरांना फोन लावला. "सर, माणसाचं नाक कसं काढायचं?"

"आधी तास घ्या," पलीकडून सर म्हणाले. "नाकाचं मग बघू."

आत्यानं माझं शाईचं पेन मागितलं आणि उरलेल्या तीन आठवड्यांत रोज सकाळी पहिला तास चित्रकलेचा लिहून टाकला. वाचन मागे पडलं, तसंच राहिलं. बाबांच्या हट्टानं पुन्हा सुरू केलेला दीपगृहाचा सिनेमाही मध्येच अडकला; त्यातला धाकटा भाऊ आठवडाभर किनाऱ्यावर उभा होता आणि बाबा जेवताना त्याच्याबद्दल कळवळून बोलत होते.

परीक्षेच्या दिवशी आई बाजारात गेली असताना बाबा आत्यापुढे दीड तास हलले नाहीत. आई आल्यावर आत्यानं चित्र तिच्यापुढे ठेवलं.

आईनं कागद जवळ धरला, लांब धरला. "कोण बाई हा? चेहरा कुठल्याशा पेढीच्या मालकाचा वाटतोय." आत्याचा चेहरा पडला. आई अजून बघत होती. "पण थांबा. कान ह्यांचे आहेत. वरून दुमडलेले. हे हेच आहेत!"

"काठावर पास," बाबा म्हणाले, आणि आत्यानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला.

त्याच आठवड्यात शाळेचं नवं वेळापत्रक करायचं होतं. आत्यानं नेहमीप्रमाणे सगळं पेन्सिलीनं आखलं. पण त्याआधी, गणितही मांडण्याआधी, चित्रकलेचे सगळे तास शाईनं लिहिले. गणिताचे सर तक्रार घेऊन आले तेव्हा तिनं त्यांच्या हातात खोडरबर दिलं आणि म्हणाली, "घ्या, खोडा." ते थोडा वेळ घासत बसले, कागदाला भोक पडायला लागलं तसे निघून गेले.

शाळा उघडली त्या दिवशी आत्या चष्मा विसरली, म्हणून मी तो द्यायला गेले होते. चित्रकलेचे सर काखेत डबा घेऊन खिडकीशी आले. "आज माझा तास कोणाला?"

आत्यानं आधी बाबांचं चित्र खिडकीतून पुढे सरकवलं. सरांनी ते पाहिलं, कानांपाशी त्यांचं बोट थांबलं, आणि ते हसले. मग त्यांनी सवयीनं पुन्हा विचारलं, "पण तास?"

"कोणालाच नाही," आत्या म्हणाली. "पोरं कागद काढून बसलीत. पळा."

सर क्षणभर तिथेच उभे राहिले. मग डबा सावरत खरंच पळाले.