एक पुढं, एक मागं

कळंबोलीच्या शेअर रिक्षात ती मला एकदाच भेटली. कॉलेजातली असावी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हातात उशीएवढी जाड कादंबरी. वाचणाऱ्या माणसाला छेडायची मला खोडच आहे.

"कशावर आहे?"

"एक शहर असतं, काका. सरकार सगळ्यांच्या डोक्यात एक आवाज सोडतं. तो म्हणेल तसं लोक वागतात, आणि त्यांना पत्ताही नसतो." बोट जिभेला लावून तिनं पान उलटलं. "मी असते ना, तर ऐकलंच नसतं."

रिक्षा अजून पनवेल स्टँडवरच उभी होती. मागच्या सीटवर आम्ही तिघं होतो, तेवढ्यात चौथा आला.

"बसा, जागा हाय," रिक्षावाला म्हणाला. "एक पुढं, एक मागं."

पुस्तकातून डोळे न काढता ती सीटच्या पुढच्या कडेला सरकली.

"ताई, बॅग मांडीवर."

बॅग मांडीवर गेली.

"इतकं मुकाट कसं ऐकतात हो हे लोक?" तिनं मला विचारलं.

मला हसू फुटलं. आता तिला सांगावंच म्हणून मी तोंड उघडलं.

"काका, पाय आत," रिक्षावाला म्हणाला.

मी खाली पाहिलं. पाय आत आलेला होता.