अकरा पोत्यांचा ब्रेक

ब्रेकवाल्याच्या दारावर पाटी होती : ‘फक्त ब्रेक’. गाडी सुरू होत नाही म्हणून कोणी आलं, तर तो शेजारच्या इंजिनवाल्याकडे बोट दाखवायचा. सुरू न होणाऱ्या गाडीने अजून कोणाचं वाईट केलेलं नाही, असं त्याचं मत होतं. इंजिनवाल्याला हे मत पटत नसे, पण त्यातून गिऱ्हाईक मिळत असल्यामुळे तो वाद घालत नसे.

काम तपासायची त्याची रीत और होती. वर्कशॉपसमोरच्या सरळ रस्त्यावर विजेचा खांब होता. खांबापासून सोळा पावलांवर तो खडूने रेघ ओढायचा आणि रेघेपलीकडे चार पावलांवर स्वतः उभा राहायचा. गाडीने चाळीसच्या वेगाने यायचं, खांबाशी ब्रेक दाबायचा आणि रेघेच्या आत थांबायचं. विमा कंपनीला ही रीत कोणी कळवली नव्हती.

“अहो, बाजूला उभं राहूनसुद्धा दिसतं की!” गिऱ्हाइकं म्हणायची.

“दिसतं ना. पण मग नट आवळताना हात आळस करतो.”

हाताने आळस केला त्याला बावीस वर्षं झाली होती. त्याचा थोरला भाऊ डोंगरावरच्या वस्त्यांतून बटाट्याची पोती जीपमधून खाली आणायचा. रस्ता दगडांचा, जीपचं पोट घासायचं, म्हणून त्याने लिलावातून पाच इंच उंच टायर आणून बसवले आणि खुशीत धाकट्याकडे आला. “लहान्या, ब्रेक बघ रे जरा.” लहान्याने उभ्या गाडीत पेडल दाबलं. टणक लागलं. “ठीक आहे दादा, जा,” म्हणाला. उभ्या गाडीत पेडल टणक लागतं याचा अर्थ पाइपात हवा नाही, एवढाच. टायर उंच झाला की चाक थांबवायला जास्त जोर लागतो आणि ब्रेकचा जोर होता तेवढाच राहतो, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं. पण जेवायची वेळ झाली होती. उताराच्या तिसऱ्या वळणावर जीप थांबली नाही.

दादा गेला. जीप वाचली. वहिनींनी ती विकली नाही, अंगणात ताडपत्रीखाली ठेवली. दिराला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं, पण त्याच्या बरं वाटण्याची सोय बघायला त्यांना सवड नव्हती. पदरात दोन वर्षांचं पोर होतं.

ते पोर आता डोंगरावरच्या दवाखान्यात कामाला लागलं होतं. पेशंट खाली आणायला गाडी नव्हती, आणि तो रस्ता उंच टायरांशिवाय पार होणारा नव्हता. एका सकाळी पुतण्या ती जीप, तसलेच टायर लावून, ओढून घेऊन आला. मागून वहिनी चालत आल्या.

“भावजी, हा माझं ऐकत नाही. तुम्ही याच्यासमोर उभे राहणार असाल तरच गाडी वर जाईल. नाही तर तुम्हीच सांगा, नको म्हणून.”

“नको म्हटलं तर ऐकेल?”

“नाही,” पुतण्या म्हणाला.

ब्रेकवाल्याने पाटीच्या बाहेरचं काम तेव्हाही केलं नाही. इंजिन इंजिनवाल्याने केलं, तेही फुकट, आणि हे फुकट असल्याचं रोज एकदा सांगून. ब्रेकला मात्र बारा दिवस लागले. पुढच्या चाकांतले जुने ड्रम काढून त्याने जास्त जोराने धरणाऱ्या डिस्क बसवल्या. त्यांना पुरेल एवढं तेल ढकलणारा मोठा मास्टर सिलिंडर आणला, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर जोडला, रबरी पाइप सगळे नवे घातले. रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून मागे तेल कमी सोडणारा व्हॉल्व्ह लावला. मग एका चाकावर खडूची खूण करून ते जमिनीवर एक फेरी फिरवलं आणि अंतर मोजलं. उंच टायर एका फेरीत जास्त रस्ता कापतो, त्यामुळे मीटर चाळीस दाखवेल तेव्हा गाडी सत्तेचाळीसने पळत असणार होती. त्याने मीटरच्या काचेवर चौतीसपाशी लाल रेघ मारली. “तुझं चाळीस हे.”

तेराव्या दिवशी तो रेघेपलीकडे उभा राहिला. जीप आली, खांबाशी ब्रेक लागताच नाकावर वाकली आणि रेघेच्या दोन हात अलीकडे थांबली.

“पास!” इंजिनवाला ओरडला. “आता तरी हस की लेका!”

ब्रेकवाला हसायच्या बेतात होता. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “ते गेले तेव्हा गाडीत अकरा पोती होती.”

ब्रेकवाला खाली बसला. बावीस वर्षं तो गाड्यांसमोर उभा राहिला होता, आणि त्यातली एकही भरलेली नव्हती. दुरुस्तीला येताना माणसं गाडी रिकामी करून आणतात. ती रिकामीच आणावी, हे सांगणाराही तोच होता.

अकरा पोती वाळू भरली. पुतण्या म्हणाला, “काका, आता बाजूला व्हा. तुमच्या अंगावर मी गाडी घालणार नाही.”

“घालू नकोस. थांबव.”

जीप आली. खांब गेला, रेघ गेली, आणि बंपर त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. तो जागचा हलला नव्हता. शहाणपणाचं काम नव्हतं ते, आणि वहिनींनी तसं सांगितलंही. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला दिलेली ती पहिली शिवी.

“नापास,” तो म्हणाला. त्याचा आवाज बराच मोकळा झाला होता.

चूक त्याला आता दिसत होती. रिकाम्या गाडीसाठी बांधलेला मागचा ब्रेक भरल्या गाडीत निम्मं कामच करत नव्हता. त्याने माल वाहणाऱ्या गाडीचे रुंद ड्रम मागे घातले आणि तो व्हॉल्व्ह काढून वजनाने गाडीची स्प्रिंग दबेल तसा जास्त उघडणारा बसवला. याला आणखी पाच दिवस लागले. मग जीप रिकामीही रेघेच्या आत थांबली आणि भरलेलीही.

“झालं?” वहिनींनी विचारलं.

“ठीक आहे, जा” एवढंच म्हणायचं होतं. ते त्याला जमेना. “उतारावर ब्रेक तापतात, वहिनी. तापल्यावर काय होतं ते इथे कळत नाही.”

त्याने जीपमधलं एक पोतं उतरवलं, कारण त्या वजनाचा तो स्वतः होता, आणि पुतण्याशेजारी जाऊन बसला. त्या रस्त्याला तो बावीस वर्षांत गेला नव्हता. दोघे डोंगर चढले आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला लागले. पहिल्या वळणावर पुतण्या काहीतरी बोलला. दुसरं मागे पडलं. तिसरं वळण दिसायला लागल्यावर काका म्हणाला, “इथे थांबव.”

जीप थांबली. तो खाली उतरला, चारही चाकांपाशी वाकून पालथा हात जवळ नेऊन बघितला. गरम होती, पण जळका वास नव्हता. मग कठड्यापाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिला. पुतण्याने ब्रेकवरचा पाय काढला नाही.

संध्याकाळी वहिनी वर्कशॉपच्या दारात उभ्या होत्या.

“तिसऱ्या वळणावर थांबली,” तो म्हणाला. “सांगितलं तिथे.”

वहिनींनी मान हलवली. मुलाकडे वळून म्हणाल्या, “सकाळी लवकर वर निघ. आणि काकांना आता घरी सोड, दमलेत.”

ब्रेकवाला दहा पोत्यांच्या जीपमध्ये पुन्हा चढून बसला.