दुधीचं लगीन

परसातला दुधीचा वेल म्हणजे केशरबाईचं लाडकं लेकरू. दरसाल मांडवावरच्या पहिल्या दुधीला ती लुगड्याची चिंधी बांधायची. ती दुधी बेण्याची, पुढच्या सालच्या बियाला राखलेली; तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

फळ धरेना झालं की बाई दिवेलागणीला नर फूल खुडून मादी फुलाला टेकवायची आणि वर चार अक्षता टाकायची. याला ती लगीन म्हणायची. तिचा नवरा सहादेव बाजेवर पडल्या पडल्या खोडी काढायचा, "पोरगा काय करतो गं?"

मागं न बघता ती म्हणायची, "सुप्याला कंपनीत हाय. तुमच्यावानी बाजंवर न्हाई लोळत."

दिवाळीच्या सुमारास ती गेली. बाज उरली, पण तिथं पडून खोडी काढायची कुणाची? उन्हाळी पेरणीला सहादेवनं तिचं राखलेलं सगळं बी हौसेनं टोचून टाकलं, चिमूटभरही मागं ठेवलं नाही. बाई असती तर चांगली खरडपट्टी काढली असती. उगवून आला एकच वेल. त्याला पहिली दुधी धरली, सहादेवनं तिला चिंधी बांधली आणि वळवाच्या वादळानं मांडवच आडवा केला. दुधी फुटली, वेल बुडाजवळ चिरला.

लेकानं, करणनं फोनवर धीर दिला, "आप्पा, पाकिटातलं बी आणतो की!"

"आन. पन त्ये तुझ्या आईच्या हातचं न्हाई," एवढंच बोलून सहादेवनं फोन ठेवला. त्याला रडू आलं होतं आणि ते लेकाला ऐकू जायला नको होतं.

शेजारच्या सुरय्याभाभी कुंपणापाशी आल्या. "भाऊ, मुळं जित्ती हायेत अजून. फाटकी पानं काढा, चिरेला शेणमाती लावा. अन पुढचा एक सांधा मातीत दाबून ठेवा, तितं नवी मुळं फुटत्यात. केशरभाभी असंच करायच्या."

सहादेवनं तसंच केलं. शेणमातीवर बांधायला फडकं हवं होतं. फुटक्या दुधीची चिंधी सोडून त्यानं ती धुतली आणि चिरेवर गुंडाळली. बांधून झाल्यावरही हात बराच वेळ तिथंच राहिला.

वेलानं जीव धरला. दाबलेल्या सांध्याजवळून नवा कोंब निघाला, मांडवावर चढला, फुलं आली. पण मादी फुलामागची इवलीशी दुधी पिवळी पडून गळायची. एक गेली, दुसरी गेली. आता तिसरी होती आणि वेल थकत चालला होता. ही धरली नाही तर केशरबाईचं बी संपलं.

दिवेलागणीला पांढरं फूल उमललं. सहादेवनं नर फूल खुडलं. नांगर धरलेली ती जाड बोटं, त्यांना एवढं नाजूक काम कधी सांगितलंच नव्हतं. श्वास रोखून त्यानं फुलाला फूल टेकवलं, अलगद फिरवलं. खिशातल्या अक्षता वर टाकल्या.

मग तो तसाच वाकून उभा राहिला. मागून कुणी काही विचारेना.

"सुप्याला हाय," मागं न बघता तो बाजेला म्हणाला, "कंपनीत."