अप्पांच्या छातीचे दोन फोटो

शाळेत मी मुलींना छाती शिकवायचे. फळ्याशेजारी मेणकापडाचा तक्ता टांगायचा आणि पट्टीनं दाखवत जायचं. ह्या बरगड्या, हे मधलं हाड, ही दोन फुप्फुसं. डावं जरा लहान, कारण हृदयाला जागा करून द्यावी लागते. खाली श्वासपटल. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात तोच तक्ता, तीच पट्टी. शेवटच्या तासाला तर हे सगळं तोंडून आपोआप बाहेर पडायचं आणि मन घरी चुलीपाशी पोचलेलं असायचं. मुलींना कौतुक फक्त हृदयाचं. फुप्फुसांबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. घरात आम्ही दोघंच, मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. आई जाऊन बराच काळ लोटला होता, आणि माझ्या लग्नाचा विषय नातेवाइकांनी कंटाळून सोडून दिला होता. अप्पांचं भुसार मालाचं दुकान. सगळा जन्म ज्वारीच्या धुळीत गेलेला, त्यामुळं खोकला आमच्या घरात जुनाच. पण त्या उन्हाळ्यात तो थांबेचना. शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

छातीचा फोटो काढायचा म्हणून अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. अप्पांनी मुंडासं काढलं, सदरा काढला, आणि गळ्यातल्या करडगीवर हात ठेवून उभे राहिले. करडगी म्हणजे इष्टलिंगाची चांदीची डबी. आमच्यात मूल जन्मलं की लिंग बांधतात, आणि ते मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. माझ्याही गळ्यात होतंच. बाहेर रांग लागलेली. फोटो काढणाऱ्यानं थोडी कुरकुर केली आणि करडगीसकट फोटो काढून टाकला.

फोटोत बरगड्या पांढुरक्या, आणि मधोमध, जराशी डावीकडं, करडगी लख्ख पांढरी. तिच्या कडेनं एक पुसट डाग डोकावत होता. बाकीचा डाग डबीमागं दडलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, डबी न घालता फोटो पुन्हा काढावा लागेल. डाग कसला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती.

अप्पा मात्र फोटो पाहून हरखले. घरी आल्या आल्या देवघराशेजारच्या खिडकीच्या गजांना तो दोऱ्यानं बांधला. सकाळचं ऊन आलं की करडगी चमकायची. शेजारीपाजारी येऊन गेले, गावाकडून, वळसंगहून, भावकी आली. कधी कन्नडातून, कधी मराठीतून अप्पांचं एकच सांगणं, जन्मभर बाहेर पुजलं ते आता आत जाऊन बसलं. भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तर फोटोला विभूती लावली. आलेल्यांचा चहा करता करता माझे पाय भरून यायचे.

एवढं शुभ दिसल्यावर दुसरा फोटो कशाला, असं अप्पांनी ठरवून टाकलं. मी शाळेतला तक्ता घरी आणला. हृदय कुठं, करडगी कुठं, ते दाखवलं. कंदिलासमोर हात आणि पातेलं एकामागं एक धरलं की भिंतीवर दोन्हींची मिळून एकच सावली पडते, तसंच हे, लिंग बाहेरच आहे, फोटोत नुसतं आत दिसतं, असं समजावलं. अप्पांनी सगळं मन लावून ऐकलं, मास्तरीण झकास शिकवते म्हणून शाबासकीही दिली. पण जागचे हलले नाहीत. मी चिडले, अबोला धरला. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

एका संध्याकाळी शाळेतून आले, परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला हातच उचलेना. अप्पा खोकत दारात येऊन उभे राहिले. मला आता समजावायचाही कंटाळा आला होता.

"अप्पा, मी लई दमले," मी म्हणाले. "तुमच्या छातीत काय हाय ते एकदा कळू द्या. मग मी काय बी म्हणणार न्हाय."

अप्पांचा हात करडगीवर गेला. मग म्हणाले, "काढून ठेवणार न्हाय. हातात धरीन."

फोटोसाठी हात कमरेवर ठेवायचे असतात. पण लिंग बेंबीखाली जाऊ द्यायचं नसतं. फोटोवाल्याला मी तसं सांगितल्यावर त्यानं दोन्ही हात डोक्यावर घ्यायला लावले. डाव्या मुठीत करडगी. श्वास धरा म्हटल्यावर खोकला दाबताना त्यांच्या पाठीवरची एकूण एक बरगडी थरथरताना दिसली. तक्त्यावरच्या बरगड्या मी इतकी वर्षं दाखवत आले होते. ह्या बघवेनात.

फोटो नीट आला का ते कळेपर्यंत सदरा घालू नका, असं सांगितलं होतं. अप्पा उघड्या अंगानं बाकावर बसून राहिले. डॉक्टरांनी ओला फोटो उजेडाकडं धरला. डाग आता सगळा दिसत होता, लिंबाएवढा. डॉक्टर मला पुण्याला नेण्याबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल बोलले, मग अप्पांच्या वयाबद्दल, दमाबद्दल, आणि मग बोलायचे थांबले.

अप्पांनी फोटो मागून घेतला. डागाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांचं बोट मधल्या, आधी करडगी दिसली होती त्या जागेवरच शोधत फिरत होतं.

"ह्यात मी एकलाच हाय की," ते म्हणाले.

मी फोटो घेऊन डॉक्टरांना परत दिला आणि सदरा पुढं केला. करडगी गळ्यात घाला म्हटलं, पण ते मूठ उघडेनात. आमच्यात माणसाला बसवून मूठमाती देतात, तेव्हा लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ते आठवलं. मग ती मिटलेली मूठ तशीच, हळूहळू, मी बाहीतून बाहेर काढली.