आईचं पहिलं नाव

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आई बोट टेकवते आणि अक्षर पुसलं जाईल या भीतीने लगेच उचलून घेते.

महिनाभर मी आमची वंशावळ जुळवतोय. पुरुषांच्या सात पिढ्या भराभर सापडल्या. बायका मात्र लग्नापाशी हरवतात. ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं जातं आणि आधीची मुलगी पुढच्या कुठल्याच कागदात दिसत नाही. हे कळूनही आईच्या शाळेच्या रजिस्टरचे मोबाइलवर फोटो काढून आणले, तेव्हा त्यात मी वेड्यासारखा सुनंदा हे तिचं सासरचं नाव शोधत बसलो होतो. मामा तिला नेहमी ताई म्हणायचे, त्यामुळे दुसरं नाव कधी कानावर आलंच नव्हतं.

"ही बघ मी," आई म्हणाली. "गोदावरी. दुसरीत होते. या नावाने फार मार खाल्लाय रे गुरुजींचा!"

मी वंशावळीतल्या तिच्या चौकोनात गोदावरी लिहिलं. ती चहा टाकायला आत गेली. मला काय वाटलं कोण जाणे, बसल्या जागेवरून मी हाक मारली, "गोदेऽ!"

"ओऽ, आलेऽ!"

इतक्या पळत्या आवाजात आईने आजवर कुणालाच ओ दिली नव्हती.