तेलाचा उंचवटा

प्रयोगशाळेत तिला सगळे धूळबाई म्हणायचे. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण शोभून दिसायचं. पाइनच्या झाडांचा हंगाम आला की हिच्या बाह्या पिवळ्या, भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा परागाने पिवळ्या. घरी गेली की नवरा दारातच म्हणायचा, झटकून ये बाई, नाहीतर घरात झाडं उगवतील. पराग पडून झाड उगवत नाही, हे तिने त्याला शंभरदा सांगितलं असेल. पण त्याला आपला विनोद आवडला होता, मग काय बोलणार!

काम तसं सांगायला सोपं. चिमूटभर पराग घ्यायचा, यंत्रातल्या हिऱ्याच्या इवल्याशा खड्यावर दाबायचा आणि खालून प्रकाश सोडायचा. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तव्याच्या धगीच्या जातीचा असतो. परागातलं तेल त्यातला आपला वाटा गिळतं, प्रथिनं आपला, वरचं कवच आपला. कुणी किती गिळलं त्याची रेघ पडद्यावर उमटते, उंचवट्याउंचवट्यांची. ती रेघ वाचली की झाडाने दिवस कसे काढले ते कळतं. उन्हात होरपळलं, की पोटभर पाणी मिळालं, काही लपत नाही.

तिथले प्रमुख, म्हणजे सर, दोन वाफ्यांवर काम करत होते. एका वाफ्यातल्या झाडांना पाणी द्यायचं, दुसऱ्यातल्यांना तहानलेलं ठेवायचं, आणि दोघांच्या परागात फरक पडतो का ते बघायचं. हंगामात पराग बाटल्यांत भरून ठेवायचा आणि मग वर्षभर एकेक बाटली तपासायची. रबरी हातमोजे घातले की त्यांना वीज चढते आणि पराग भुर्रकन उडतो, म्हणून या खोलीत सगळे उघड्या हातानेच काम करायचे. पराग बारीक ब्रशने उचलायचा. ब्रशाचे केस विस्कटले की धूळबाई ते चिमटीत पिळून टोक काढायची. दिवसातून कितीदा, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि बाटल्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून तिचा एक कडक दंडक होता. सकाळी तहानलेल्या झाडांच्या बाटल्या, जेवण झाल्यावर, ब्रश धुवून, पाणी प्यायलेल्यांच्या. यात बदल नाही म्हणजे नाही. सरांनी एकदा उलट करून बघू म्हटलं, तर बाई दिवसभर फुरंगटून बसली. सरांनी परत तो विषय काढला नाही.

नवरा रंगारी होता. उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवण्यात गेला, आणि मग त्याच्या स्वतःच्या अंगाची साल निघायला लागली. आधी कोपरं, मग पाठ, मग सगळंच. रंगामुळे झालं की आणखी कशामुळे, डॉक्टरांना छातीठोक सांगता येईना. त्यांनी तेल आणि मेणाचं एक मलम दिलं आणि रोज सकाळी अंगभर लावायला सांगितलं. कामावर निघण्याआधी धूळबाई त्याला खिडकीपाशी बसवून मानेपासून टाचांपर्यंत मलम चोळायची. अंगाला वास मारायचा, गादीवर पापुद्रे पडायचे. त्याची सख्खी बहीण भेटायला आली तर दाराजवळच्या खुर्चीवर टेकायची आणि चहा नको म्हणायची. माणूस असा जिवंतपणी वाळीत पडला, याचा धूळबाईला फार संताप यायचा. पण नणंदेला बोलून करणार काय? येत होती तेवढं तरी येत होती.

त्याच वर्षी सरांचं नशीब उघडलं. तहानलेल्या झाडांच्या परागात तेलाचा उंचवटा चांगलाच चढलेला दिसायला लागला. एकदा नाही, दर बाटलीला. तहानलेलं झाड पुढच्या पिढीसाठी परागात तेल साठवून ठेवतं, असा सरांनी त्याचा अर्थ लावला. तोवर वरचे लोक ही खोली बंद करायच्या बेतात होते. या उंचवट्याने खोली वाचली, सरांची खुर्ची वाचली, धूळबाईची नोकरीही वाचली. रोपवाटिकेचे लोक येऊन रेघा बघून गेले. उघड्या माळावर लावायची रोपं यापुढे याच उंचवट्यावरून निवडू म्हणाले.

नवरा थंडीत गेला. एका भेगेतून जंतू रक्तात शिरले आणि दोन दिवसांत खेळ संपला. शेवटी त्याला बोलता येत नव्हतं. धूळबाई कामावर परतली. दंडकाप्रमाणे सकाळच्या बाटल्या काढल्या, ब्रश घेतला, काम सुरू केलं.

उंचवटा चढेना.

सरांना वाटलं यंत्राचा दिवा म्हातारा झाला. दुरुस्तीवाला येऊन गेला, दिवा ठणठणीत निघाला. मग सर म्हणाले या बाटल्यांतच काही गडबड असेल. धूळबाई मात्र ब्रशाचं टोक काढता काढता थांबली आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर गेल्यावर तिने घरून आणलेल्या मलमाचा ठिपका हिऱ्यावर लावला आणि प्रकाश सोडला. तेलाचा उंचवटा जागच्या जागी उभा राहिला. सकाळी मलमाचे हात, जेवणाआधी धुतलेले, म्हणून दुपारी कोरडे. झाडांनी काहीच साठवलं नव्हतं. सरांनी वर्षभर जे वाचलं ते तिच्या नवऱ्याच्या पाठीचं मलम होतं.

आता बोलायचं की मूग गिळून बसायचं? बोललं तर खोली बंद, सरांची अब्रू गेली, आणि या वयात घरी जाऊन रिकाम्या गादीकडे बघत बसायचं. न राहवून तिने नणंदेला सांगितलं. नणंद व्यवहारी बाई. म्हणाली, कुणी विचारलंय का तुला? मग हात दाखवून अवलक्षण कशाला? धूळबाईला ते पटलंही. पंधरवडाभर ती गप्प राहिली. मग रोपवाटिकेतून निरोप आला की रोपं निवडायला घेतोय. चुकीची रोपं माळावर जाणार आणि उन्हाळ्यात उभीच्या उभी जळणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. ती सरळ सरांच्या टेबलापाशी गेली, मलमाची डबी ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी मलमाची रेघ काढली आणि वर्षभराच्या सकाळच्या रेघांमधून ती वजा करायला यंत्राला सांगितलं. तहानलेल्या झाडांची रेघ खाली आली आणि पाणी प्यायलेल्यांच्या रेघेवर जाऊन बसली. फरक म्हणून उरला नाही. सर थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, हात धुवायचे होते हो. बाकी काही नाही, नुसते हात."

"आधी धुवायचे, सर," धूळबाई म्हणाली. "मलम लावून झालं की लगेच साबणाने. एकदा ते म्हणाले, तुलाही किळस येते का गं माझी? त्या दिवसापासून धुणं सोडलं. त्यांच्यासमोर फडक्याला पुसायचे आणि तशीच निघायचे."

"आणि इथे आल्यावर?"

"इथे आल्यावर आठवायचंच नाही. हाताला काही लागलंय असं मनातसुद्धा येऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं मी. आणि खरंच यायचं बंद झालं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढे त्यांना वरच्यांना कळवावं लागलं, आणि कळवायचं तर कारण द्यावं लागतं. त्यांनी लिहिलं, काम करणाऱ्या व्यक्तीचा निष्काळजीपणा. पाठवण्याआधी त्यांनी तिला ते वाचून दाखवलं, आणि दुसरा शब्द सुचत असेल तर सांगा म्हणाले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "नको सर, असू दे. तेवढंच लिहा."